वाचक विचारतात : फर्ज, वाजिब आणि केळीचा उश्र

मागील अंकात आम्ही शरीयतीच्या प्राथमिक तत्त्वांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर 'चालते की नाही, एवढेच सांगा' असा आहे. या सदरात मात्र तेवढ्यावर थांबता येणार नाही, कारण फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी आचारनियमांच्या शास्त्रात, 'चालते' आणि 'चालत नाही' यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि एखादी गोष्ट कोणत्या पायरीवर ठेवायची हे तिच्यामागच्या पुराव्याच्या वजनावरून ठरते. खानदेशातील बहुसंख्य मुस्लिम हनफी मसलकाचे (हनफी, मालिकी, शाफिई आणि हनबली या चार सुन्नी परंपरांपैकी एक) असल्याने उत्तरे मुख्यतः त्याच अनुषंगाने दिली आहेत. नोकरी-व्यवसायानिमित्त इकडे आलेली कोकणी मुस्लिम कुटुंबे सहसा शाफिई असतात, म्हणून आवश्यक तेथे त्यांचेही मत नोंदवले आहे. ही उत्तरे म्हणजे फतवा नव्हे. ज्याला स्वतःच्या प्रसंगापुरता निर्णय हवा असेल त्याने आपली सगळी हकिकत घेऊन जवळच्या मुफ्तींकडे जावे.

प्रश्न : मी हिंदू आहे. शाळेतील माझे सहकारी कधी 'नमाज फर्ज आहे' असे म्हणतात, कधी 'वित्र वाजिब आहे', आणि परवा डब्यातले भरीत खाऊन झाल्यावर 'आता असे मशिदीत जाणे मकरूह' असे म्हणून चूळ भरायला गेले. हलाल आणि हराम एवढे दोनच प्रकार असतात, असा माझा समज होता. (एक शिक्षक, अमळनेर)

उत्तर : आपला समज अनेक मुस्लिम घरांतही तसाच आहे, तेव्हा संकोच वाटू देऊ नये. पहिली गोष्ट अशी, की फिक्हच्या परिभाषेत 'हुक्म', म्हणजे धर्माचा निर्णय, हा वस्तूला लागत नसून जाणत्या, वयात आलेल्या माणसाच्या कृतीला लागतो. आपल्या सहकाऱ्यांचे भरीतच घ्या. भाजलेल्या वांग्याचे भरीत कच्च्या कांद्याच्या पातीसोबत खाणे ही मुबाह, म्हणजे मोकळी गोष्ट आहे. खाल्ले तर पुण्य नाही, न खाल्ले तर पाप नाही. परंतु तोंडाला कांद्या-लसणाचा उग्र दर्प असताना जमातीत, म्हणजे सामुदायिक नमाजला, जाऊन उभे राहणे मकरूह ठरते, कारण कच्चा लसूण किंवा कांदा खाल्लेल्याने मशिदीपासून दूर राहावे, अशी स्पष्ट हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आहे. हेच कांदा-लसूण शिजवून त्यांचा वास मारला तर तो हुक्म लागत नाही, असे दुसरे खलीफा हजरत उमर यांनी सांगितल्याची नोंद आहे. म्हणजे भाजी तीच, माणूसही तोच, आणि हुक्म मात्र दोन.

बहुतेक इमामांनी कृतींचे पाच दर्जे मानले आहेत. जी केलीच पाहिजे ती वाजिब, केल्यास चांगली ती मंदूब किंवा मुस्तहब, दोन्ही बाजूंनी मोकळी ती मुबाह, टाळलेली बरी ती मकरूह आणि पूर्णपणे वर्ज्य ती हराम. हनफी विद्वानांनी यातील 'केलीच पाहिजे' या दर्जाचे फर्ज आणि वाजिब असे दोन भाग केले, आणि 'टाळावी' याचेही मकरूह-ए-तहरीमी व मकरूह-ए-तन्जीही असे दोन भाग केले. यांतील पहिला भाग हरामच्या जवळचा आहे, तर दुसरा केवळ नापसंतीचा.

हे विभाजन कशासाठी, हे एका उदाहरणावरून चांगले कळते. नमाजमध्ये कुरआनातील काही भाग म्हणावा, हे कुरआनातच आले आहे; 'कुरआनातून जे सोपे जाईल ते म्हणा', असा सूरह मुजम्मिलमधील शब्दप्रयोग आहे. नमाजमध्ये सूरह फातिहाच म्हणावी, हे मात्र हदीसमध्ये आले आहे, आणि ती हदीस हनफींच्या दृष्टीने 'खबर-ए-वाहिद' आहे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या असंख्य लोकांच्या तोंडून आलेली नसून मोजक्या कथनकारांकडून आलेली आहे. ती खरी मानायची, तिच्याप्रमाणे वागायचे, पण तिचे वजन कुरआनाच्या शब्दाइतके धरायचे नाही, अशी हनफींची भूमिका आहे. त्यामुळे कुरआनातील काहीतरी म्हणणे फर्ज झाले आणि फातिहा म्हणणे वाजिब झाले. फर्ज सुटले तर नमाज झालीच नाही, ती पुन्हा पढावी लागते. वाजिब विसरून सुटले तर शेवटी सजदा-ए-सहव, म्हणजे विसरीचे दोन सजदे करून ती उणीव भरून निघते. इमाम शाफिई यांनी तीच हदीस फातिहा हा नमाजचा गाभा ठरवण्यास पुरेशी मानली, म्हणून त्यांच्याकडे फातिहावाचून नमाज नाही.

श्रद्धेच्या बाजूनेही हा फरक आहे. फर्ज गोष्ट फर्ज नाहीच असे म्हणणे हा ईमानचा प्रश्न होतो. वाजिब नाकारणारा चुकला असे म्हणतात, पण त्याला धर्माबाहेर काढत नाहीत. ईशाच्या नमाजनंतरचे वित्र हनफींकडे वाजिब आणि इतर तीन मसलकांत ताकीद असलेली सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे, हा याच रांगेतला मतभेद होय. मला स्वतःला हनफींचा हा बारकावा फार मोलाचा वाटतो, कारण ज्या गोष्टीचा पुरावा थोडा अशक्त आहे तिच्यावरून कोणाचा धर्म मोजू नये, ही सावधगिरी त्यांनी व्याख्येतच घालून ठेवली आहे.

जाता जाता आणखी एक शब्द सांगतो, कारण तो आपल्या कानावर पडेल. फर्ज-ए-किफाया म्हणजे गावातील काही जणांनी केले की सर्वांच्या डोक्यावरून उतरते, आणि कोणीच केले नाही तर सगळे दोषी ठरतात असे कर्तव्य. जनाज्याची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे.

प्रश्न : माझी चार एकर केळी आहे. एक मौलाना म्हणतात की केळीवर उश्र, म्हणजे शेतीच्या उत्पन्नातील धार्मिक वाटा, द्यावा लागतो, दुसरे म्हणतात की नाशवंत फळावर उश्र नाही. दोघेही हनफी, दोघेही शिकलेले. मग खरे कोण? (एक शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : दोघेही पुस्तकाला धरून बोलत आहेत, आणि आपल्या एका प्रश्नात उसूल-ए-फिक्हचा, म्हणजे वचनांवरून हुक्म काढण्याच्या शास्त्राचा, अर्धा अभ्यासक्रम आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पुरावे असे आहेत. कुरआनात सूरह अनआममध्ये पिकांचा आणि फळांचा उल्लेख करून 'कापणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या' असे म्हटले आहे. बुखारी शरीफमधील हदीस सांगते, की पावसावर किंवा झऱ्याच्या पाण्यावर जे येते त्यात दहावा भाग आणि जे पाणी ओढून भिजवले जाते त्यात विसावा भाग. या दोन्ही ठिकाणी पिकांची यादी दिलेली नाही, मापही दिलेले नाही. मात्र आणखी एक सहीह हदीस म्हणते, की पाच वस्कांपेक्षा, म्हणजे ३०० साअ या मापापेक्षा कमी असेल त्यावर सदका (येथे जकात) नाही.

आता एक 'आम', म्हणजे सर्वसाधारण वचन आणि एक 'खास', म्हणजे मर्यादा घालणारे वचन समोरासमोर आले. काय करायचे? कूफा येथे कापडाचा व्यापार करणारे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. ७६७) यांची रीत अशी, की सर्वसाधारण वचन आपल्या जागी पूर्ण आणि निश्चित असते, त्याला सहजासहजी कात्री लावू नये, पाच वस्कांची हदीस व्यापाराच्या मालाविषयी आहे, असा अर्थ त्यांच्या बाजूने लावला गेला. म्हणून त्यांच्या मते जमिनीतून मुद्दाम घेतलेल्या प्रत्येक पिकावर उश्र आहे, मग ते थोडे असो वा फार, टिकणारे असो वा नाशवंत. भाजीपाला आला, केळीही आली. त्यांचेच दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ (मृत्यू ७९८) आणि इमाम मुहम्मद (मृत्यू ८०५), यांनी पाच वस्कांच्या हदीसने सर्वसाधारण वचनाला मर्यादा घातली. वस्क हे साठवून मोजायचे माप आहे, तेव्हा जे पीक वर्षभर राहू शकते त्यावरच उश्र, असे त्यांचे म्हणणे झाले. त्यांच्या हिशेबाने केळी सुटते. इमाम शाफिई तर आणखी आवळून धरतात. त्यांच्याकडे साठवून खाण्याचे मुख्य धान्य, खजूर आणि द्राक्षे यांवरच जकात आहे.

गुरूने एक सांगितले आणि शिष्यांनी त्याच गुरूच्या मसलकात राहून दुसरे सांगितले, आणि दोन्ही मते हनफी म्हणूनच पुस्तकांत उतरली, ही गोष्ट पुष्कळांना अवघड वाटते. परंतु मसलक म्हणजे निर्णयांची यादी नव्हे. वचनांचा अर्थ लावण्याची ती एक शिस्त आहे. त्या शिस्तीत बसणारी दोन उत्तरे असू शकतात. आपल्या प्रश्नात बहुतेक हनफी मुफ्ती इमाम अबू हनीफांच्या मतावर, म्हणजे उश्र द्यावा या बाजूने, फतवा देतात, कारण त्यात सावधगिरी आहे आणि गरिबांचा लाभ आहे. आपल्या पहिल्या मौलानांचे म्हणणे हेच असावे.

किती द्यावा? केळी मोटारीच्या पाण्यावर आणि ठिबकवर असणार. विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी उपसावे लागते, म्हणून दहावा नव्हे तर विसावा भाग. म्हणजे शंभर घडांमागे पाच घड किंवा त्यांची किंमत. खते, मजुरी आणि वीजबिल वजा करून उरलेल्यावर हिशेब करावा काय, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. हनफी मतानुसार खर्च वजा न करता एकूण उत्पन्नावर हिशेब होतो, कारण पाण्याच्या खर्चासाठीच तर दहाव्याचा विसावा केलेला आहे. वादळाने बाग आडवी झाली आणि माल हाती आलाच नाही, तर जे गेले त्यावर काही नाही.

एक गोष्ट लपवणे बरे नाही. आजच्या भारतातील जमीन मुळात 'उश्री', म्हणजे उश्र लागणारी, ठरते का, यावरही उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. तो इतिहासाचा आणि जमीनधाऱ्याचा प्रश्न असल्याने येथे त्यात शिरत नाही. देण्याकडे झुकणाऱ्याला तो अडवतही नाही.

प्रश्न : मी केळीच्या कापणीवर मजुरीला जाते. चिकाने हात काळे पडतात, घासूनही निघत नाही. वजू होतो का? (यावल)

उत्तर : होतो. वजू, म्हणजे नमाजपूर्वी हात-पाय-तोंड धुणे, ही नमाजची 'शर्त', म्हणजे पूर्वअट, आहे, आणि वजूमध्ये हनफींकडे चार गोष्टी फर्ज आहेत : चेहरा धुणे, कोपरांसह हात धुणे, डोक्याच्या चौथ्या भागावर ओला हात फिरवणे आणि घोट्यांसह पाय धुणे. धुणे म्हणजे कातडीपर्यंत पाणी पोहोचणे. त्यामुळे पाहायचे एवढेच, की हातावर जे उरले आहे तो थर आहे की नुसता रंग. मेंदीचा रंग जसा पाणी अडवत नाही तसाच चिकाचा मुरलेला काळा डागही अडवत नाही, आणि तो काढण्यासाठी हात रक्ताळेपर्यंत घासू नयेत. ताजा चीक वाळून पापडी धरली असेल तर ती मात्र तेल लावून, खरवडून काढावी. कामच असे असेल की बोटांच्या पेरांत थोडेसे राहतेच आणि ते काढणे फार त्रासाचे आहे, तर हनफी ग्रंथांत नखात अडकलेल्या मातीची आणि कणकेची उदाहरणे देऊन सवलत सांगितली आहे. तिच्यामागचा नियम फिक्हच्या पाच मोठ्या सूत्रांपैकी एक आहे : त्रास सवलत घेऊन येतो. आणि घरी आल्यावर 'आता वजू नीट झाला होता की नाही' अशी शंका येत राहिली, तर दुसरे सूत्र आपल्या बाजूने आहे. खात्रीची गोष्ट शंकेने जात नाही.

प्रश्न : कियास म्हणजे नेमके काय? महाविद्यालयात दारूचे उदाहरण शिकवले, पण आमच्याकडे द्राक्षाची दारू कोणी पाहिलेली नाही, मोहाची पाहिली आहे. (एक विद्यार्थी, धडगाव)

उत्तर : मोहाचेच घेऊ. कियास, म्हणजे वचन असलेल्या बाबीवरून नव्या बाबीचा हुक्म काढणे, याला चार अंगे लागतात : ज्याविषयी वचन आहे ते मूळ, ज्याविषयी वचन नाही ती नवी बाब, दोघांना जोडणारे कारण म्हणजे 'इल्लत', आणि मुळावरून नव्या बाबीवर आणायचा हुक्म. कुरआनात 'खम्र' वर्ज्य केली आहे. तेव्हाच्या अरबी बोलीत हा शब्द प्रामुख्याने द्राक्षाच्या दारूसाठी होता, असे हनफी मानतात. सातपुड्यातल्या मोहाच्या दारूचे नाव त्यात असण्याचा प्रश्नच नाही. पण वर्ज्य करण्याचे कारण नशा हे आहे, नशा मोहाच्या दारूतही आहे, म्हणून हुक्म तिलाही लागतो. उलट सकाळी झाडाखालून वेचलेली, वाळवलेली, भाजून किंवा भाकरीत घालून खाल्लेली मोहाची फुले पूर्णपणे मुबाह आहेत, कारण इल्लत त्यांत नाही. रंग, वास, झाड किंवा गाव ही इल्लत नसते, हे शिकणे म्हणजेच कियास शिकणे होय.

तरीही आपल्या प्राध्यापकांच्या उदाहरणावर एक आक्षेप घेतो. 'प्रत्येक नशा आणणारी वस्तू खम्र आहे' अशी सहीह हदीस असताना इतर इमामांना येथे कियास लावण्याची गरजच उरत नाही, मोहाची दारू थेट वचनात येते. हे उदाहरण शिकवायला सोपे म्हणून पुस्तकांत टिकून राहिले आहे. कियासचा क्रम कुरआन, सुन्नत आणि इज्मा (विद्वानांचे एकमत) यांच्यानंतरचा आहे, हेच विसरले जाते. हा क्रम आणि कियासच्या अटी प्रथम सुसूत्रपणे मांडल्या त्या इमाम शाफिई (७६७ ते ८२०) यांनी आपल्या 'अर्-रिसाला' या ग्रंथात. ते मदीनेच्या इमाम मालिकांचे शिष्य होते आणि वर उल्लेख आलेल्या इमाम मुहम्मद यांच्याकडेही शिकले होते.

प्रश्न : आमच्या गावचा आठवडे बाजार शुक्रवारी भरतो. जुम्म्याची अजान झाल्यावर केलेला सौदा हराम, म्हणजे तो पैसा हराम, असे एकाने सांगितले. (एक कापड दुकानदार, धुळे जिल्हा)

उत्तर : यात दोन हुक्म एकत्र झाले आहेत. अजान झाल्यावर खरेदी-विक्री सोडा, असे सूरह जुमुआमध्ये आहे, म्हणून ज्याच्यावर जुम्मा फर्ज आहे त्याने त्या वेळी सौदा करणे हनफींकडे मकरूह-ए-तहरीमी आहे, गुन्हा आहे. पण सौदा म्हणून तो सहीह आहे. माल गिऱ्हाइकाचा झाला आणि पैसा आपला झाला, कारण मनाई व्यवहारातल्या दोषामुळे नसून वेळेमुळे आहे. कृती पापाची आहे का, हा एक प्रश्न, आणि तिचा व्यवहारात परिणाम होतो का, हा दुसरा. पहिल्याला हुक्म-ए-तकलीफी म्हणतात, दुसऱ्याला हुक्म-ए-वजई. हनबली विद्वान मात्र असा सौदा झालाच नाही असे म्हणतात.

प्रश्न : भुसावळहून जळगावला रोज ये-जा करतो. कस्र पढू शकतो का? (रेल्वे कर्मचारी)

उत्तर : नाही. कस्रसाठी, म्हणजे नमाज आखूड करण्यासाठी, आपल्याकडील हनफी मुफ्ती प्रवासाचे अंतर ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात. भुसावळ ते जळगाव हे अंतर त्याच्या निम्मेही नाही. नाशिक किंवा मुंबईला जाल तेव्हा जुहर, अस्र आणि ईशा यांच्या चार फर्ज रकअतींऐवजी दोन पढाव्यात. इतर मसलकांत ही सवलत आहे, हवी तर घ्यावी. हनफींकडे तशा प्रवासात दोनच पढणे वाजिब आहे.

प्रश्न : चार इमामांपैकी ज्याचे सोपे वाटेल ते घ्यावे, असे केले तर काय बिघडते? (एक गृहिणी, चोपडा)

उत्तर : आपल्या सोयीसाठी दर वेळी हलके उत्तर शोधत फिरणे विद्वानांनी नापसंत केले आहे, कारण मग माणूस वचनाच्या मागे न जाता आपल्या मनाच्या मागे जातो. पण खरी अडचण उभी राहिली तर दुसऱ्या मसलकाचे मत जाणीवपूर्वक, अभ्यासकांच्या विचाराने घेतलेले आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. नवरा परागंदा झाला, जिवंत आहे की नाही कळत नाही, अशा स्त्रीने हनफी मतानुसार त्याच्या वयाची माणसे संपेपर्यंत थांबायचे, म्हणजे जवळजवळ जन्मभर थांबायचे. मालिकी मतात काझीकडे गेल्यावर चार वर्षांची मुदत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मौलाना अशरफ अली थानवी आणि त्यांच्या सहकारी उलेमांनी, स्वतः पक्के हनफी असूनही, अशा स्त्रियांसाठी मालिकी मत स्वीकारावे असे लिहून मांडले, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात चार वर्षे ठावठिकाणा नसलेल्या पतीपासून न्यायालयाकडून विवाह विच्छेद मिळवण्याचा हक्क आला.

आपण पत्रात शेजारच्या ज्या भगिनीविषयी लिहिले आहे, तिच्या नवऱ्याला जाऊन पाच वर्षे झाली असतील तर तिने फतव्यासोबत वकिलाचाही सल्ला घ्यावा. फतवा हे मत आहे, त्याला कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. विच्छेदाचा हुकूम न्यायालयाकडूनच घ्यावा लागेल. निकाल लागला तरी तो सहा महिने अमलात येत नाही, आणि तेवढ्या मुदतीत नवरा परत येऊन नांदवण्याची तयारी दाखवेल व न्यायालयाची तशी खात्री पटेल, तर तो रद्द होतो, हेही तिला आधी सांगून ठेवावे.